मारोतराव करवती, आंधळगाव

१४ जून २०२२

कुंदन म्हणाला, एक वही कर. पेजवर काय टाकलं, किती वाजता टाकलं, किती जणांनी पाहिलं, सगळं लिहून ठेव. कुंदन माझा कॉलेजातला मित्र. साकोलीला हायवेवर त्याचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या व्हिडिओंपेक्षा आता तो लोकांची फेसबुक-इन्स्टाग्रामची पेजं जास्त सांभाळतो. म्हणून ही वही. मुलीच्या, गुड्डीच्या शाळेसाठी आणली होती, चार रेघांची निघाली, म्हणून माझ्याकडे आली.

आज पेज उघडलं. नाव दिलं 'मारोतराव करवती, आंधळगाव'. मारोतराव म्हणजे माझे बाबूजी, वय एकाहत्तर. करवती म्हणजे कोशाची, टसर रेशमाची ती साडी, जिच्या काठाला करवतीसारखे दात असतात. ते दात पाडायला तीन धोटे चालवावे लागतात, एक अंगाचा आणि दोन काठांचे. बाबूजी बाराव्या वर्षापासून हेच करत आले. एक साडी उतरायला आठ-दहा दिवस लागतात. आई धोट्यात घालायच्या कांड्यांवर धागा भरून देते.

मी आठ वर्षं पुण्याला कुरिअरच्या गोदामात होतो. लॉकडाऊनमध्ये ते सुटलं आणि बायकोला, रेणूला, आणि गुड्डीला घेऊन घरी आलो. मोहाडीच्या एका दुकानात बसून पाहिलं, जमलं नाही. मागावर बसायचा प्रश्नच नव्हता. मी पंधरा वर्षांचा असताना बाबूजींनी मला मागावरून उठवलं होतं. शेजारचे सुखरामकाका, त्यांचा मुलगा, सगळे उभे होते. बाबूजी म्हणाले, "याच्या हातात कापड नाही. याले कांड्या भराले बसवा." हे इथे कशाला लिहिलं कोण जाणे. कुंदनला ही वही दाखवायची नाही.

२१ जून

साड्यांचे तीन फोटो टाकले. एकतीस लाइक. त्यातले चौदा रेणूच्या माहेरचे.

बाबूजी जेवताना म्हणाले, "हातात घेतल्याबिगर कापड समजते काय? फोटोत तर पोतंही चांगलं दिसते."

रेणू सासऱ्यांना मामाजी म्हणते. म्हणाली, "मामाजी, आता सारे फोटो पाहूनच घेतात."

"मंग घेऊन नाई राहिले काहून?"



९ जुलै

पहिली ऑर्डर. कुंदनने सांगितलं होतं, वस्तू दाखवू नको, माणूस दाखव. म्हणून बाबूजींची रील केली. त्यांनी साडी उलटी करून काठ दाखवला आणि कोणी शाळेत शिकवावं तसं बोलले : "हे पाहा, हातमागाची करवत दोन्हीकून सारखी दिसते. उलटी कोनती, सुलटी कोनती, समजत नाई. मशीनच्या लुगड्याले मांगून तुटलेले धागे लोंबते. हाच फरक आहे, दुसरा कोनता नाई." चारशे लोकांनी पाहिली.

नागपूरच्या मंजुषाताईंनी फोन केला. कॉलेजात शिकवतात. मला दोन वाक्यं बोलून म्हणाल्या, बाबूजींना द्या. अर्धा तास बोलत होत्या. ताण्यात उभे धागे किती, दात किती मोठा, रंग पक्का कसा करता. बाबूजी फोन कानाला घट्ट दाबून, उभे राहून बोलत होते. ठेवल्यावर म्हणाले, "या बाईले कापड समजते." मग मला म्हणाले, "तुझं हे काम वाईट नाई, बाप्पा."

हे शेवटचं वाक्य इथे लिहून ठेवतो.

१७ ऑगस्ट

जे झालं ते नीट लिहायला हवं.

परवा मी काठाची रील करायला बसलो होतो. ढगाळ होतं, उजेड कमी. बाबूजींचा धागा तुटला. त्यांनी जोडला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा त्यांना टोकच सापडेना. बोटांनी चाचपडत राहिले. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. त्यांच्या डोळ्यांना अधूनमधून पाणी येतं, कोशाची धूळ जाते. मोबाइल चालूच होता.

कुंदनने तेवढाच तुकडा कापला, खाली बासरी लावली, आणि लिहिलं : 'शेवटचा विणकर. मुलं शहरात निघून गेली. एकाहत्तराव्या वर्षी बाबूजी एकटेच विणतात.'

मी म्हटलं, "अरे, मी इथंच तर आहो."

"गेला तर होता ना? मंग खोटं काय आहे त्याच्यात?"

दोन दिवसांत तीन लाख दहा हजार लोकांनी पाहिलं. मोबाइल हातात धरवत नाही इतका गरम होतो. लोक लिहितात, असा मुलगा देव कोणाला न देवो. अशा मुलांना रस्त्यावर उभं करून मारलं पाहिजे. पेज मीच सांभाळतो, त्यामुळे प्रत्येकाला 'धन्यवाद, आपलं प्रेम असंच राहू द्या' असं मीच लिहीत होतो. रेणू बाजूला बसून वाचत होती. एकदा हसली, मग म्हणाली, "तुम्हाले काही नाही वाटत?"

मला सदतीस ऑर्डर आल्याचा आनंद वाटत होता.

१९ ऑगस्ट

सुखरामकाका सकाळीच आले. त्यांच्या मुलाने त्यांना व्हिडिओ दाखवला होता. दारातूनच म्हणाले, "मारोतभाऊ, मी मेलो काय? शेवटचा इनकर म्हने. माह्या घरचे दोन माग तुले आईकू नाई येत काय?"

बाबूजींना यातलं काही माहीत नव्हतं. माझ्याकडून मोबाइल मागून घेतला, दोनदा पाहिलं. म्हणाले, "मी रडून नाई राहिलो ह्याच्यात."

"नाही बाबूजी."

"मंग हे सनई कायची वाजून राहिली?"

बासरी आहे, असं मी म्हणालो नाही. त्यांनी सांगितलं, काढून टाक, गावात तोंड दाखवायचं आहे. मी हो म्हटलं. काढला नाही. त्यांच्या मोबाइलला इंटरनेट नाही, त्यामुळे काढला की नाही हे त्यांना कळायचं कारण नाही. सुखरामकाकांना पाच साड्यांचं काम दिलं. ते आता काही म्हणत नाहीत.

४ सप्टेंबर

कुंदन कॅमेरा घेऊन आला होता. दिवसभर शूटिंग. ट्यूबलाइट काढून जुना पिवळा बल्ब लावला. बाबूजींनी नवा सदरा घातला होता, कुंदनने तो बदलायला लावला आणि आईकडे फाटका मागितला. आई म्हणाली, "फाटका नाई आमच्या घरी." शेवटी सायकल पुसायचा मिळाला, तो धुऊन घातला.

एकटे जेवतानाचं दृश्य घ्यायचं होतं. बाबूजी गुड्डीशिवाय जेवत नाहीत, म्हणून तिला रेणूसोबत शेजारी पाठवलं. ताटात फक्त भात आणि मिरचीचा ठेचा ठेवला. बाबूजींनी ताटाकडे पाहिलं आणि विचारलं, "आज काय आहे? भाजी काहून नाई केली?" ते वाक्य कुंदनने काढून टाकलं. नुसतं त्यांचं ताटाकडे पाहणं ठेवलं. फार चांगलं आलं आहे.

ते तयार कसे झाले, तर मी सांगितलं, यातून गावातल्या साऱ्या मागांना काम मिळेल. ते म्हणाले, मंग साऱ्यांचे नाव लिहिशील. मी कुंदनला सांगितलं. तो म्हणाला, लोकांना एका वेळी एकाच म्हाताऱ्याबद्दल वाईट वाटतं.

दोनशे चिठ्ठ्या छापून आणल्या आहेत : 'ही साडी मी माझ्या हातांनी विणली.' खाली सहीची जागा. बाबूजींना म्हटलं, पुढच्या कामाच्या आहेत, आत्ताच करून ठेवा. दोन दुपारी बसून सगळ्यांवर सही केली. अक्षर अजून वळणदार आहे.

११ ऑक्टोबर

दिवाळीच्या ऑर्डर एकशे साठ. बाबूजी आणि सुखरामकाका मिळून तोपर्यंत चार-पाच उतरवतील. बाकी गावातले माग जोडले तरी वीसच्या वर जात नाही.

बाबूजी म्हणाले, "लोकायले सांग, थांबा म्हना. चांगल्या कापडासाठी मानूस थांबते."

कुंदनला फोन केला. तो म्हणाला, "भाऊ, आज जो तुझ्या बाबूजींवर रडला तो उद्या दुसऱ्यावर रडन. कोणी थांबत नाही."

शेवटी बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडून मशीनच्या दीडशे साड्या उचलल्या. दिसायला तशाच. काठाला दातसुद्धा आहेत. चिठ्ठ्या तयारच होत्या.

मनाला लागलं. दिवसभर जेवण गेलं नाही. पण त्या बायकांना खरं म्हणजे साडी नको आहे, बाबूजींसाठी काहीतरी केल्याचं समाधान हवं आहे, आणि ते त्यांना मिळतंच. रेणूला हे सांगितलं. ती पार्सलला चिकटपट्टी लावत होती. म्हणाली, "मले नका सांगू. मी फक्त पॅकिंग करून राहिली."

२ नोव्हेंबर

मागच्या आठवड्यात बाबूजींना मशीनची एक सापडली. पार्सलचा ढीग त्यांच्या मागाशेजारी ठेवला ही माझीच चूक. त्यांनी एक उघडी साडी हातात घेतली, उलटली, आणि हाक मारली.

"हेमराज, हे कोनाचं आहे?"

"चुकून आलं बाबूजी. परत जाणार आहे."

त्यांनी चिठ्ठी काढून दाखवली. "हे माही सही आहे."

मी म्हटलं, रेणूने चुकून घातली असेल. त्यांना ते पटलं. खरंच पटलं. उलट रेणूला म्हणाले, "पोरी, पाहून करत जा, एखाद्याच्या घरी असं कापड गेलं तर आपलं नाव जाईन." रेणू मान खाली घालून हो मामाजी म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

चार दिवसांनी त्यांनी आणखी दहा पाहिल्या. मग माझ्याशी बोलणं बंद केलं. मागावर मात्र रोज बसतात.

१५ जानेवारी २०२३

संक्रांतीनिमित्त फेसबुकवर लाइव्ह ठेवलं होतं, दुपारी चारला. बाबूजी यायला तयार नव्हते. आईने सांगितलं, लोकायले तिळगूळ घ्या म्हनाचं अन् उठाचं. तेव्हा बसले. अडीच हजार लोक एकाच वेळी पाहत होते. मी कमेंट वाचून दाखवत होतो. बाबूजी हात जोडत होते.

मंजुषाताईंची कमेंट आली : 'बाबूजी, माझ्या बहिणीनेही तुमची साडी मागवली. तिचा काठ मागून वेगळा दिसतो. असं का?' मी ती सोडून पुढची वाचली. पण मोबाइल मोठ्या स्टँडवर होता आणि बाबूजींना वाचता येतं. एकेक शब्दावर बोट ठेवून त्यांनी ती पूर्ण वाचली. मग थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमचं बरोबर आहे. थे लुगडं माह्या हातचं नोहोय. माहा पोरगा बाहेरून मशीनचं आनते अन् माह्या नावानं इकते. माही सही आहे, पन थे लुगडं माहं नोहोय."

कमेंट थांबल्या. खरंच थांबल्या, एकही येईना. कुंदन कॅमेऱ्यामागे उभा होता.

मी काय करणार आहे हे मलाही माहीत नव्हतं. बाबूजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोललो. "मित्रांनो, हे सांगायचं नव्हतं. बाबूजींना वर्षभरापासून विसर पडतो. आपणच विणलेलं कापड त्यांना ओळखू येत नाही. माझ्यावर चिडतात. मी सारं ऐकून घेतो, कारण ते माझे बाबूजी आहेत." मला रडू आलं. हे मुद्दाम नव्हतं. पंधरा वर्षांचा असल्यासारखं आलं.

बाबूजी माझ्याकडे पाहत होते. त्यांनी विचारलं, "मले इसर पडते?"

आईकडे वळून पुन्हा विचारलं, "मले इसर पडते काय वो?"

आई चौकटीत उभी होती. मी लाइव्ह बंद केलं.

१७ जानेवारी

बाबूजींचा तो प्रश्न कुंदनने वेगळा कापून टाकला. बावीस लाख. लिहिणारे लिहितात, मुलगा असावा तर असा. एकाने विचारलं, पण पहिल्या व्हिडिओत तर मुलं सोडून गेली होती ना? मी उत्तर दिलं, त्यांची ही अवस्था पाहूनच परत आलो. त्या उत्तरालाच नऊ हजार लाइक.

मंजुषाताईंचा मेसेज आला, 'मला माफ करा, मला कल्पना नव्हती.'

बाबूजी घरात फिरून प्रत्येकाला आज कोणता वार ते सांगतात. कोणी विचारलेलं नसतं.

२८ जानेवारी

विणकर संस्थेच्या ऑफिसातून फोन आला, बाबूजींना घेऊन जा. सकाळी कोणाला न सांगता निघून गेले होते. काखेत दोन साड्या, एक त्यांची, एक मशीनची. मी पोचलो तेव्हा अध्यक्षांनी त्यांना पंख्याखाली बसवलं होतं, बशीत चहा ओतून दिला होता, लहान मुलाला देतात तसा. बाबूजी म्हणत होते, "बशी कायले? मी कपानं पेतो." अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "एकट्याले सोडत नका जाऊ. मी व्हिडिओ पाहिला. आमच्या काकायचंही असंच झालं होतं."

सुखरामकाका तिथेच होते. बाबूजी त्यांना म्हणाले, "सुखराम, तू सांग यायले. तुले तर सारं मालूम आहे."

सुखरामकाकांच्या दोन्ही मागांवर आज माझंच काम आहे. त्यांनी चपला पायात सरकवल्या. मग म्हणाले, "मारोतभाऊ, घरी जा. आराम कर."

येताना गाडीवर बाबूजींनी मला धरलं नाही. मागची कडी धरून बसले.

९ फेब्रुवारी

बाबूजींना भंडाऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. कुंदनच्या मते दवाखान्याचा एक व्हिडिओ हवा. माझ्या मनात वेगळं होतं. मला वाटत होतं, डॉक्टर म्हणतील की थोडं आहेच. तसं असतं तर सगळंच सोपं झालं असतं.

डॉक्टरांनी तारीख, वार, जिल्ह्याचं नाव विचारलं. शंभरातून सात-सात कमी करायला लावले. बाबूजी सटासट दोनपर्यंत आले. पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी विचारले, पाचही सांगितले. डॉक्टर हसून म्हणाले, "यांची आठवण तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली आहे. कोण म्हणतं यांना विसर पडतो?"

बाबूजी माझ्याकडे पाहून म्हणाले, "कागदावर लिहून द्या साहेब."

डॉक्टरांनी दिलं. तो कागद मी खिशात ठेवला.

बाहेर कुंदन उभा होता. मी बाबूजींचा हात धरून पायऱ्या उतरतो एवढंच त्याने घेतलं. मी काही खोटं लिहिलं नाही. फक्त लिहिलं, 'आज दवाखान्यात.' पुढचं लोकांनीच लिहिलं.

घरी आल्यावर त्यांनी कागद मागितला. मी सांगितलं, दवाखान्यातच राहिला.

२६ फेब्रुवारी

मंजुषाताई नागपूरहून गाडी करून येऊन गेल्या. दोन दिवस आधी कळवलं होतं, त्यामुळे तयारी करता आली. मशीनचा सगळा माल कुंदनच्या स्टुडिओत नेऊन ठेवला. बाबूजींनी आपल्या पेटीत तळाशी एक मशीनची साडी जपून ठेवली होती, ते आंघोळीला गेले तेव्हा ती काढून तिथे सुखरामकाकांच्या मागावरची ठेवली. घडी तशीच घातली.

आईशी सकाळी बोललो. म्हटलं, हे पेज बंद पडलं तर मला पुन्हा पुण्याला जावं लागेल. रेणू आणि गुड्डीही येतील. मी तिला एवढंच सांगितलं.

ताई बाबूजींजवळ चटईवर बसल्या. बाबूजी खूश होते. फोनवर बोललेल्या त्या बाई याच, हे त्यांना लगेच कळलं. म्हणाले, "तुमच्याचसाठी ठेवलं होतं मी. तुमाले कापड समजते." त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, चिठ्ठ्या, सह्या, पार्सलं, एकही गोष्ट न चुकवता. मग पेटी उघडली आणि तळातली साडी काढून ताईंच्या मांडीवर उलटी पसरली.

"पाहा, कसे धागे लोंबून राहिले."

ताईंनी पाहिलं. बोटं फिरवली. 

बाबूजींनी वाकून पाहिलं. साडी सुलटी केली, पुन्हा उलटी केली. दारात उजेडात नेली. परत येऊन पेटीतलं सगळं बाहेर काढलं, धोतरं, आईचं लग्नातलं पातळ, गुड्डीचा स्वेटर. "होती येथीच. मीच ठेवली होती. यानं बदलवली. बाई, यानं बदलवली."

"हो बाबूजी," ताई म्हणाल्या. "हो. बसा तुम्ही."

"मले हो-हो नोका म्हनू. तुमाले कापड समजते ना?"

ताईंनी आईला विचारलं, "आई, हे असं केव्हापासून?" आईने माझ्याकडे पाहिलं. गुड्डी तिच्या पदराला धरून उभी होती. आई म्हणाली, "चहा ठेवतो," आणि आत गेली.

जाताना ताई अंगणात रडल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "किती सहन करत असाल तुम्ही." त्यांनी आपल्या कॉलेजातल्या सगळ्या शिक्षिकांसाठी ऑर्डर दिली.

आत गेलो तेव्हा बाबूजी पेटीसमोर तसेच बसले होते. मला वाटलं होतं शिवी देतील. त्यांनी हळूच विचारलं, "मीच तर नाई ना ठेवली थे दुसरी?"

मी म्हटलं, "होते असं कधी कधी, बाबूजी."

१८ मार्च

बाबूजी आता मागावर बसले की प्रत्येक हातभर कापडामागे भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढतात. आपण किती विणलं ते लक्षात राहावं म्हणून. उठल्यावर रेघा मोजतात, कापड मोजतात, पुन्हा रेघा मोजतात. गुड्डीलाही मोजायला लावतात.

परवा शूटिंग होतं. रेघा फार विचित्र दिसत होत्या, वेड्याच्या खोलीसारख्या. मी चुना आणून भिंत रंगवून घेतली. ते दुपारी येऊन भिंतीसमोर उभे राहिले.  त्या दिवशी विणलं नाही.

रेणू म्हणते, तिला माहेरी जायचं आहे, गुड्डीच्या सुट्ट्या लागल्या की.

१४ एप्रिल

बाबूजींनी मागावर जाणं सोडलं. करवतीचे दात चुकायला लागले होते. तीन धोट्यांतला कोणता आधी, हे आईला विचारायचे. आई सांगायची.

एका अर्थी बरं झालं. आता लपवाछपवीची गरज राहिली नाही. व्यापाऱ्याला महिन्याची पक्की ऑर्डर दिली आहे.

बाबूजी माझ्याशी पुन्हा बोलायला लागले. मला 'अहो' म्हणतात. पहिल्यांदा वाटलं, मागे कोणी उभं आहे.

६ मे

आजची रील सगळ्यात चांगली झाली.

लाख फॉलोअर झाले त्याबद्दल आभार मानायचे होते. कुंदनची कल्पना अशी की बाबूजींच्या हातात साडी द्यायची आणि विचारायचं. मला भीती होती, जानेवारीसारखं काही झालं तर. पण ते शांत बसले. सायकल पुसायचा तो सदरा त्यांनी स्वतःच खुंटीवरून काढून घातला, कोणी सांगितलं नव्हतं.

मी स्टुडिओतून आणलेली नवी साडी त्यांच्या हातात ठेवली आणि विचारलं, "बाबूजी, ही कोणी विणली?"

त्यांनी ती उलटली. मागच्या बाजूवर बोट फिरवलं. तिथे धागे लोंबत होते, मला माझ्या जागेवरून दिसत होते. बोट त्या धाग्यांवर थांबलं.  मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्यावर काही लिहिलेलं असावं आणि ते वाचायचं असावं तसं.

"मीच इनली असन," ते म्हणाले.

कुंदनने मान हलवली. "काका, 'असन' नका म्हणू. नुसतं 'मीच इनली'. अन् थोडं हसा."

दुसऱ्या वेळी बाबूजी हसले आणि बरोबर म्हणाले.

मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. कुंदन सामान आवरायला लागला. मी साडी घ्यायला हात पुढे केला, पण बाबूजींनी ती सोडली नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरून, कॅमेरा होता त्या जागेकडे पाहत त्यांनी विचारलं, "आखीन एकदा म्हनू काय, साहेब?"